कपाटातला मळा : रायगडच्या किनाऱ्यावर मातीविना भाजी

रोपाला माती लागते ती मुख्यतः चार कामांसाठी : उभे राहायला आधार, प्यायला पाणी, मुळांना हवा आणि पोषणाला खनिजे. ही चारही कामे दुसऱ्या कशाने भागवली तर मातीशिवाय रोप चांगले वाढते. खनिजे विरघळवलेल्या पाण्यात रोप वाढवण्याच्या या पद्धतीला हायड्रोपोनिक्स म्हणतात. तिला शेतच लागते असे नाही. घरातल्या कपाटाचा एक कप्पा, वर दिवे आणि खाली पाण्याची एक पेटी एवढ्यावर चौघांच्या कुटुंबाला अधूनमधून पुरेल इतकी पालेभाजी निघू शकते.

उरणपासून अलिबाग, रेवदंडा, मुरुड, श्रीवर्धन, हरिहरेश्वरपर्यंतच्या किनारपट्टीत या कल्पनेला खास कारण आहे. रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या काळात वाफ्यातली कोथिंबीर आणि मेथी मुळाशी कुजते, पालक चिखलाने माखतो. पानांवर थेंबांचा मारा इतका असतो की कोवळी रोपे आडवी होतात. बाजारात येणारी पालेभाजी बहुतेक घाटावरून येते. घाट बंद पडला किंवा तिकडेही पाऊस लागून राहिला की जुडी लहान होते आणि भाव चढतो. खाडीकाठच्या खारेपाटात तर जमिनीचीच अडचण आहे. उधाणाने बांधाला खांड पडली की खारे पाणी शेतात शिरते, आणि ती जमीन गोडी व्हायला अनेक पावसाळे जावे लागतात. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने क्षार सोसणाऱ्या भाताच्या पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या जाती काढल्या त्या याच जमिनींसाठी. भाताला असा उपाय मिळाला. परसातल्या कोथिंबिरीला मात्र खारी जमीन आणि मुसळधार पाऊस या दोन्हींपासून दूर नेणे हाच सोपा मार्ग आहे.

या पद्धतीचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे, कारण त्यातून तिचे मर्म कळते. १६९९ साली इंग्लंडमध्ये जॉन वुडवर्ड यांनी वेगवेगळ्या पाण्यात पुदिना वाढवून पाहिला. अगदी शुद्ध पाण्यापेक्षा माती मिसळलेल्या पाण्यात तो जास्त वाढला. म्हणजे रोप नुसत्या पाण्यावर जगत नाही, पाण्यात उतरलेले काहीतरी त्याला हवे असते. ते ‘काहीतरी’ नेमके कोणते, हे १८६०च्या सुमारास जर्मनीत युलियुस झाक्स आणि विल्हेल्म क्नोप यांनी क्षार मोजून-मापून दाखवून दिले. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाचे विल्यम गेरिके यांनी १९३०च्या दशकात टाक्यांमध्ये टोमॅटोचे उंच वेल वाढवून ही विद्या प्रयोगशाळेबाहेर आणली, तर त्याच विद्यापीठातल्या होगलंड आणि आर्नन यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध केलेले द्रावण आजही जगभर प्रमाण मानले जाते. भारतात १९४०च्या दशकात कालिम्पाँग इथे शोल्टो डग्लस यांनी पंप आणि महागडी यंत्रे टाळून वाळू-खडीत रोपे वाढवण्याची स्वस्त पद्धत बसवली. ती ‘बंगाल पद्धत’ म्हणून ओळखली गेली.

महाराष्ट्रात हायड्रोपोनिक्स हा शब्द अनेक शेतकऱ्यांच्या कानावर पडला तो चाऱ्यामुळे. दुष्काळी भागात शेडनेटखाली ट्रेच्या मांडण्या करून त्यांत मका भिजवून-मोड आणून आठ-दहा दिवसांत जनावरांसाठी हिरवा गालिचा तयार करतात. जुन्या गोव्यातल्या भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या केंद्रानेही या चाऱ्यावर काम केले आहे. पण चारा आणि भाजी यांत मोठा फरक आहे. मक्याचा कोंब आठवडाभर दाण्यातल्या शिदोरीवरच वाढतो, त्याला खत लागत नाही आणि प्रकाशही थोडाच पुरतो. भाजीला पिकाप्रमाणे तीन ते सात आठवडे जगायचे असते. दाण्यातले अन्न पहिल्या दहा दिवसांतच संपते. त्यानंतर खनिजे आणि प्रकाश हे दोन्ही बाहेरून, मोजून द्यावे लागतात. कपाटातल्या बागेत अपयश येते ते बहुधा या दोन ठिकाणी, म्हणून त्यांचा विचार आधी करायला हवा.

प्रकाशाची कमतरता काय करते हे प्रत्येक मराठी घराने पाहिलेले आहे. नवरात्रात घटाखाली पेरलेले धान देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात नऊ दिवसांत वीतभर उंच होते, पण पिवळे आणि लुसलुशीत राहते. ते उंच होते कारण ते उजेड शोधत असते. खिडकीपाशी ठेवलेल्या भाजीच्या रोपाचीही थोडीफार तीच गत होते. भर दुपारच्या उन्हात प्रकाश एक लाख लक्सच्या घरात असतो. पावसाळ्यात, गच्चीच्या छपराखाली किंवा खिडकीपासून चार-पाच फूट आत तो काही शे लक्सवर येतो. माणसाच्या डोळ्याला ही दरी जाणवत नाही, कारण डोळा पटकन जुळवून घेतो. पालेभाजीला दिवसाचे बारा-चौदा तास निदान बारा ते पंधरा हजार लक्स लागतात. मोबाइलवरच्या प्रकाशमापक ॲपने हा आकडा अंदाजे पाहता येतो. दिव्यांखाली पानांच्या उंचीवर मोबाइल ठेवून मोजावे आणि मगच बी पेरावे.

यासाठी जांभळ्या प्रकाशाचे खास दिवे लागतात असा समज आहे. त्यांची गरज नाही. घरात लावतात त्या पांढऱ्या एलईडी पट्ट्यांच्या प्रकाशात रोपाला लागणारे निळे आणि तांबडे दोन्ही किरण असतात. साधारण अडीच फूट रुंद आणि दीड फूट खोल कप्प्याला दोन फुटी, १० वॅटच्या सहा पट्ट्या पुरतात. त्या कप्प्याच्या छताला शेजारी शेजारी बसवाव्यात आणि रोपांच्या शेंड्यापासून सहा ते आठ इंचांवर राहतील अशी सोय करावी. पट्ट्या खाली-वर करता येत नसतील तर सुरुवातीला पेटीखाली विटा ठेवून ती उंच करावी आणि रोपे वाढतील तशा विटा काढाव्यात. कप्प्याच्या तिन्ही बाजूंना पांढरा रंग किंवा पांढरा चकचकीत कागद लावला की बाजूला वाया जाणारा उजेड पानांवर परततो. याचा खर्च नगण्य आणि फायदा ठळक आहे.

दिवे किती तास लावायचे हे पिकावर ठरते. लेट्यूस आणि माठ यांना चौदा तास मानवतात. पालक आणि कोथिंबीर यांना मात्र दिवस लांबला की फुलावर येण्याची घाई होते, मग पाने बारीक होतात आणि दांडा वर निघतो. त्यांना बारा तासांपेक्षा जास्त उजेड देऊ नये. साठ वॅट चौदा तास चालले तर दिवसाला ०.८४ युनिट, म्हणजे महिन्याला सुमारे २५ युनिट वीज लागते. हा आकडा आपल्या बिलातल्या टप्प्याच्या दराने गुणून पाहावा. एरवीच्या दिवसांत बाजारातल्या जुडीशी ही भाजी स्पर्धा करू शकत नाही. ऐन पावसाळ्यातली महाग आणि चिखलाळलेली जुडी, रोज लागणारी चार काड्या कोथिंबीर, लेट्यूस किंवा बेझिलसारखी गावच्या बाजारात सहसा न मिळणारी पाने, इथे तिचा हिशेब जमतो.

दिवे शक्यतो संध्याकाळी सहा ते सकाळी आठ या वेळात, पिकाला मानवतील तितके तास चालवावेत. दिव्यांना दिलेली बहुतेक सगळी वीज अखेर उष्णता होऊन कपाटातच राहते, आणि किनाऱ्यावर ती उष्णता सोसायला रात्रच बरी. घड्याळाचा साधा टायमर लावला की रोज लक्षात ठेवायची गरज उरत नाही.

आता पाणी. मातीविना शेतीत पाण्याचा दर्जा हा पायाच आहे, आणि किनाऱ्यावर तो गावागणिक, कधी तर वाडीगणिक बदलतो. अलिबाग-रेवदंड्याच्या काही भागाला उमटे धरणाचे पाणी येते, उरणकडे रानसईचे. धरणाचे पाणी सहसा सौम्य असते. समुद्राजवळच्या विहिरी पावसाळ्यात गोड असतात आणि एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. उपसा वाढला की गोड्या पाण्याचा थर पातळ होतो आणि खालचे खारे पाणी वर येते. माडाला हे मचूळ पाणी चालते, लेट्यूसला आणि कोथिंबिरीला चालत नाही. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा साधा टीडीएस मीटर बुडवून पाहावा : २०० च्या आत आकडा आला तर पाणी उत्तम, ५००च्या वर गेला आणि चव खारट असेल तर ते पाणी वापरू नये. फिल्टरमधून बाहेर फेकले जाणारे पाणी कधीच वापरू नये, त्यात मूळ पाण्यातले क्षार दाट झालेले असतात.

रायगडात सर्वांत चांगले पाणी आकाशातूनच येते. कौलारू घराच्या पागोळ्यांखाली पिंप ठेवले की एका सरीत ते भरते. पहिले दोन-तीन पाऊस छपरावरची धूळ, पाला आणि पक्ष्यांची घाण धुऊन नेतात, ते पाणी सोडून द्यावे. नंतरचे पाणी फडक्यातून गाळून झाकून ठेवावे. त्यात जवळजवळ काहीच विरघळलेले नसल्यामुळे त्यात घातलेले प्रत्येक ग्रॅम खत आपल्या हिशेबातले असते.

खताच्या बाबतीत रायगडच्या वाचकाला एक गोष्ट नीट सांगायला हवी. अलिबागजवळच्या थळला राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा मोठा युरिया कारखाना १९८०च्या दशकापासून उभा आहे. युरिया जवळ, स्वस्त आणि ओळखीचा. तो पाण्यात चटकन विरघळतोही. तरी कपाटातल्या पेटीत तो घालू नये. जमिनीत पडलेला युरिया थेट मुळात जात नाही. मातीतले सूक्ष्मजीव त्याचे आधी अमोनियम करतात आणि मग नायट्रेट. रोप मुख्यतः हे नायट्रेट उचलते. पेटीतल्या स्वच्छ पाण्यात हे काम करणाऱ्या जीवाणूंची वस्ती नसते. युरिया तसाच पडून राहतो किंवा त्याचे अमोनियम साचते आणि मुळे जळतात. ठिबकसाठी मिळणारे १९:१९:१९ हे पूर्ण विद्राव्य खतही याच कारणाने अपुरे ठरते. त्यातले निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असते, आणि त्यात कॅल्शियम अजिबात नसते. पहिले दोन आठवडे रोप हिरवेगार दिसते, मग कोवळ्या पानांच्या कडा करपू लागतात. अनेकांना तो रोग वाटतो आणि फवारणी सुरू होते. खरे कारण खताच्या पुडीवर छापलेले असते.

पेटीसाठी लागणारी खते वेगळी, पण महाराष्ट्रात दुर्मीळ नाहीत. नाशिक-सांगलीचे द्राक्षबागाईतदार ती ठिबकमधून वर्षानुवर्षे देत आले आहेत : कॅल्शियम नायट्रेट, १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, ०:५२:३४ म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट, मॅग्नेशियम सल्फेट, चिलेटेड लोह आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांचे मिश्रण. कृषी सेवा केंद्रात ती मागवून मिळतात. पालेभाजीसाठी पुढील प्रमाण बसते. पहिल्या बाटलीत एक लिटर पाण्यात ६० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट आणि १.७ ग्रॅम चिलेटेड लोह (१२ टक्क्यांचे) विरघळवावे. दुसऱ्या बाटलीत एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट, १५ ग्रॅम मोनो पोटॅशियम फॉस्फेट, ३५ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि पाकिटावरच्या प्रमाणात सूक्ष्म अन्नद्रव्ये घालावीत. वापरताना दर लिटर पाण्यात दोन्ही बाटल्यांतले दहा-दहा मिलिलिटर द्रावण घालावे. एक बाटली ओतून पाणी ढवळावे, मगच दुसरी ओतावी.

दोन बाटल्या वेगळ्या ठेवण्याला सबळ कारण आहे. दाट द्रावणात कॅल्शियमची गाठ सल्फेटशी पडली की जिप्सम बनते आणि फॉस्फेटशी पडली की न विरघळणारा पांढरा गाळ. तो तळाशी बसतो आणि रोपाच्या काही कामाचा राहत नाही. पातळ पाण्यात हे होत नाही. दोन्ही बाटल्या गडद रंगाच्या घ्याव्यात किंवा काळ्या कागदात गुंडाळाव्यात, कारण उजेडाने चिलेटेड लोह बिघडते. लेबल लावून त्या मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवाव्यात. तयार पाण्याचा टीडीएस साध्या मीटरवर साधारण ७०० ते ८०० आणि त्यावर मूळ पाण्याचा आकडा इतका दिसतो. आम्लता पीएच ५.५ ते ६.५ च्या दरम्यान असावी. पीएच ६.५ च्या वर गेला की लोह पाण्यात असूनही मुळांना घेता येत नाही, नवी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. थोडे फॉस्फोरिक आम्ल थेंबाथेंबाने घालून पीएच खाली आणता येतो. हे काम हातमोजे घालून करावे.

पेटीची निवड करताना किनाऱ्याला एक मोठी सवलत आहे. मासळी बाजारात बर्फातली मासळी येते ती थर्माकोलच्या खोक्यांतून. असे एक धड खोके या कामाला उत्तम, कारण थर्माकोलमुळे बाहेरची उष्णता पाण्यात लवकर शिरत नाही. खोके साबणाने आणि गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन, दोन दिवस उन्हात वाळवून, आतून जाड काळे प्लॅस्टिक अंथरावे. प्लॅस्टिकने मिठाचा आणि वासाचा प्रश्न सुटतो, आणि काळ्या रंगामुळे उजेड आत जात नाही. आतून साठ सेंटिमीटर लांब आणि अडतीस रुंद खोक्यात बारा सेंटिमीटर पाणी भरले की ते सुमारे २७ लिटर होते. झाकणाला दोन ओळींत तीन-तीन अशी सहा भोके पाडावीत, प्रत्येक दोन इंच व्यासाचे. भरलेल्या खोक्याचे वजन तीस किलोच्या आसपास जाते, म्हणून ते कपाटाच्या सर्वांत खालच्या, पक्क्या फळीवरच ठेवावे.

ही रचना हवाई विद्यापीठाचे बर्नार्ड क्रॅटकी यांनी रूढ केलेल्या पद्धतीवर बेतलेली आहे. तिच्यात पंप नाही, हवेचे बुडबुडे सोडणारे यंत्र नाही, नळ्या नाहीत. सुरुवातीला पाणी झाकणाच्या भोकांत बसवलेल्या जाळीच्या कपांच्या बुडाला जेमतेम स्पर्श करील इतके भरायचे. रोप पाणी पिते तशी पातळी खाली जाते, आणि झाकण व पाणी यांच्यामध्ये दमट हवेची पोकळी तयार होते. त्या पोकळीतली मुळे केसाळ होतात आणि हवेतून प्राणवायू घेतात, खालची मुळे पाण्यात राहून खनिजे उचलतात. लेट्यूसचा एक गड्डा तयार होईपर्यंत सुमारे चार लिटर पाणी पितो. म्हणजे सहा रोपांना २७ लिटर पेटी एकदा भरली की कापणीपर्यंत पुरते. मध्ये पाणी फारच खाली गेले तर थोडे भरावे, पण पेटीच्या निम्म्या उंचीच्या वर कधीही नेऊ नये. हवेत वाढलेली मुळे पुन्हा पाण्याखाली गेली तर गुदमरतात आणि दोन दिवसांत रोप माना टाकते.

पंप नसणे हा रायगडात केवळ काटकसरीचा मुद्दा नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर आदळले. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या आणि अनेक गावे कित्येक दिवस विजेविना राहिली. तेवढे मोठे संकट रोज येत नसले तरी पावसाळ्यात तास-दोन तास, कधी अर्धा दिवस वीज जाणे नेहमीचे आहे. पातळ धारेत पाणी फिरवणाऱ्या पाइपच्या रचनेत पंप थांबला की उकाड्यात काही तासांत मुळे सुकू लागतात. क्रॅटकी पद्धतीच्या पेटीत दिवे दोन दिवस बंद राहिले तरी रोप फक्त थोडे मंदावते. किनाऱ्यावर राहणाऱ्या नवशिक्याने दुसरी कोणतीही रचना आधी घेऊ नये.

रोप धरून ठेवायला काहीतरी माध्यम लागते. वाड्यांमध्ये नारळाच्या सोडणांचे ढीग असतात आणि त्यांचा भुसा या कामाला चांगला, पण किनाऱ्यावरच्या नारळाच्या काथ्यात मीठ असते. तो बादलीत भिजवून पिळायचा आणि पाणी टाकायचे, असे तीन-चार वेळा करावे. शेवटच्या पाण्यात चिमूटभर कॅल्शियम नायट्रेट घालून रात्रभर ठेवले की काथ्याला चिकटलेले सोडियम निघून त्या जागी कॅल्शियम बसते. समुद्राची वाळू मोफत मिळत असली तरी वापरू नये. तिच्यात मीठ असतेच, शिवाय शिंपल्यांचा चुरा असतो आणि तो हळूहळू विरघळून पीएच वर नेत राहतो. विटांचे धुतलेले बारीक तुकडे किंवा साधा स्पंज यापेक्षा बरा.

बी पेरण्याचे काम स्पंजच्या इंचभर तुकड्यांत करावे. धणे पेरायचे तर ते आधी हलके रगडून दोन डाळी वेगळ्या कराव्यात, बारा तास भिजवावेत आणि प्रत्येक तुकड्यात आठ-दहा टाकावेत. कोथिंबीर उगवायला आठ ते दहा दिवस घेते, तोवर घाई करू नये. मेथी तिसऱ्या दिवशी उगवते आणि तीन-साडेतीन आठवड्यांत उपटायला येते. तिच्यासाठी कपापेक्षा दोन इंच काथ्या पसरलेला ट्रे सोयीचा पडतो. रोपाला दोन खरी पाने आली आणि स्पंजच्या बुडातून मूळ डोकावले की ते जाळीच्या कपात बसवून पेटीवर ठेवावे. बाजारात जाळीचे कप मिळाले नाहीत तर प्लॅस्टिकच्या लहान पेल्यांना तापलेल्या सळईने भोके पाडून घ्यावीत.

कोणते पीक कधी, हे ऋतू ठरवतो. जून ते सप्टेंबरात कोथिंबीर, मेथी, माठ, पुदिना आणि मायाळू चांगली येतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा लेट्यूस आणि पालक यांचा काळ. एप्रिल-मेमध्ये पेटी धुऊन, उपडी घालून ठेवणे शहाणपणाचे. २० अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांना साडेसात. प्राणवायू कमी झाला की मुळे अशक्त होतात आणि त्याच उबदार पाण्यात पिथियम ही मूळकुज करणारी बुरशी जोमाने वाढते. निरोगी मूळ पांढरे आणि कडक असते. ते तपकिरी, बुळबुळीत झाले आणि पाण्याला वास येऊ लागला तर औषध शोधत बसू नये. रोप फेकावे, पेटी ब्लीचिंगच्या पाण्याने धुवावी आणि नव्याने सुरुवात करावी. टोमॅटो, मिरची, वांगी यांच्या मागे कपाटात लागू नये. त्यांना याच्या दुप्पट-तिप्पट प्रकाश आणि खूप उंची लागते. अलिबागचा पांढरा कांदा तर भात निघाल्यावर त्याच्या जमिनीतच शोभतो. त्याला मिळालेले भौगोलिक मानांकन त्या मातीशीच जोडलेले आहे.

राहिला प्रश्न दमटपणाचा. पावसाळ्यात किनाऱ्यावर हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास जाते आणि बंद कपाटात त्याहून वर. अशा हवेत पानांतून फारसे बाष्प बाहेर पडत नाही. कॅल्शियम मुळाकडून पानाकडे जाते ते याच बाष्पाच्या ओढीवर, म्हणून पाण्यात भरपूर कॅल्शियम असूनही आतल्या पानांची टोके करपतात. त्यावर उपाय म्हणजे संगणकात असतो तसला १२ व्होल्टचा छोटा पंखा. तो पाने जेमतेम हलतील अशा बेताने दिवे चालू असताना फिरता ठेवावा आणि कपाटाचे एक दार उघडे ठेवावे किंवा काढूनच टाकावे. याने प्लायवूड फुगण्याला आणि बुरशीलाही आळा बसतो. कपड्यांच्या किंवा कागदपत्रांच्या कपाटातला कप्पा यासाठी घेऊ नये. किनाऱ्यावरची खारी हवा लोखंडी बिजागऱ्या आणि स्क्रू वर्षभरात खाते, म्हणून ते स्टीलचे घ्यावेत.

वीज आणि पाणी एकाच कप्प्यात असल्याने सुरक्षेकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. प्लग पेटीच्या वरच्या पातळीवर असावा. वायर प्लगपर्यंत जाण्याआधी खाली झोळ देऊन वर न्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी झोळापाशीच गळून पडते. घराच्या विजेच्या बोर्डावर गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी नसेल तर तो वायरमनकडून आधी बसवून घ्यावा. झाकण आणि कप यांमध्ये फट राहिली तर त्यातून डास आत शिरून अंडी घालतात. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला असेच स्वच्छ, साठलेले पाणी आवडते. फटी स्पंजने बंद कराव्यात, रिकामे भोक उघडे ठेवू नये आणि आठवड्यातून एकदा झाकण उचलून पाण्यात अळ्या नाहीत हे पाहावे. कापणी झाल्यावर तळाशी उरलेले पाणी पुढच्या पिकाला वापरू नये, कारण त्यात कोणता क्षार किती उरला ते घरी मोजता येत नाही. पण त्यात खत असते, म्हणून ते गटारात न ओतता माडाच्या किंवा जास्वंदीच्या आळ्यात घालावे.

पिकाबद्दल शंका असल्यास रोह्याजवळच्या किल्ला इथले कृषी विज्ञान केंद्र आणि दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा विस्तार विभाग यांच्याकडे विचारावे. पहिल्या खेपेला एकच पेटी मांडावी, दुसरा कप्पा कापणीनंतरच. कोथिंबिरीला बी ते कात्री सहा-सात आठवडे लागतात. आषाढी एकादशीच्या सुमारास धणे पेरले तर गणपतीच्या दिवसांत ती कापायला येते.